ख्रिस्ती लोक उपवास का करतात? देवापुढे धरणं धरायला, की आणखी कशासाठी?

२०२५ साली २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. त्यानंतर चार दिवसांनी, २ मार्चला, भारतात रमजानचा पहिला रोजा झाला. आणि ५ मार्चला राखेचा बुधवार आला. आठवडाभरात एकाच इमारतीतल्या तीन घरांत तीन वेगळे उपवास सुरू झाले असतील. पहिल्या दोन उपवासांची आपल्याला थोडीफार ओळख असते. साबुदाण्याची खिचडी घरोघरी होते, इफ्तारचं ताट कुणा मित्राकडे चाखलेलं असतं. तिसऱ्या घराबद्दल मात्र पुष्कळांचा प्रश्न असतो, ‘ते लोकही उपवास करतात?’

करतात, आणि जवळजवळ दोन हजार वर्षं करत आले आहेत. पण ख्रिस्ती उपवासाला ‘उपवासाचे पदार्थ’ नाहीत, सगळ्यांना बांधणारी सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ नाही, आणि एका पंथाचा नियम दुसऱ्या पंथाला लागू होत नाही. त्यामुळे बाहेरून तो फारसा दिसत नाही. हे न दिसणं काही प्रमाणात ठरवून केलेलं आहे.

तोंड धुवा, डोक्याला तेल लावा

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात येशू तीन गोष्टींबद्दल एकापाठोपाठ बोलतो : दानधर्म, प्रार्थना आणि उपवास. तिन्हींबद्दल त्याचं सांगणं एकच, की लोकांनी पाहावं म्हणून करू नका. उपवास करताना चेहरा पाडून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. ‘उपवास करा’ अशी आज्ञा इथे नाही. ऐकणारे उपवास करतातच हे त्याने गृहीत धरलं आहे. त्या काळच्या ज्यू समाजात ते स्वाभाविक होतं. लूकच्या शुभवर्तमानात तर आठवड्यातून दोनदा उपवास करणारा एक परूशी मंदिरात उभा राहून देवाला त्याचा हिशोब ऐकवतो. शेजारी मान खाली घालून उभ्या असलेल्या जकातदाराची प्रार्थना देवापर्यंत पोचते, याची पोचत नाही.

गंमत अशी की मत्तयातला हाच उतारा कॅथलिक चर्चमध्ये राखेच्या बुधवारी वाचला जातो. म्हणजे ‘दाखवू नका’ हे ऐकायचं आणि लगेच कपाळावर राखेचा क्रूस लावून घेऊन घरी जायचं. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. या विसंगतीवर चर्चमध्येच दरवर्षी विनोद होतात.

चाळीस दिवस कुठून आले?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतच्या काळाला मराठी कॅथलिक लोक ‘उपवासकाळ’ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळींच्या तोंडी ‘लेंथ’ हा शब्द असतो. गोव्यात कोंकणीतला शब्द पोर्तुगीजमधून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘चाळिसावा’ हा अर्थ आहे. गोव्याचा कार्निवल या काळाच्या आधीचे चार दिवस चालतो तो याच कारणाने. मांस बंद होण्याआधीची ती शेवटची मौज.

कॅलेंडरवर मोजलंत तर हे दिवस ४६ भरतात. मधले सहा रविवार वगळायचे, म्हणजे ४० उरतात. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. चाळीस हा आकडा बायबलमध्ये वारंवार येतो. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून राहिला, एलीया संदेष्टा चाळीस दिवस चालत होरेबला गेला, आणि येशूने आपलं काम सुरू करण्याआधी रानात चाळीस दिवस उपवास केला. इसवी सन ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेच्या एका नियमात या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे, म्हणजे तोपर्यंत हा काळ रूढ झालेला होता.

आठवड्याचे उपवास त्याहून जुने. ‘डिडाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे, अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींच्या आचाराची. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. तीत सांगितलं आहे की इतर लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. कारण वाचून थोडं हसू येतं, पण नव्या पंथाला स्वतःची ओळख हवी असतेच. पुढे बुधवारचा संबंध येशूच्या विश्वासघाताशी आणि शुक्रवारचा त्याच्या मरणाशी जोडला गेला.

आज रोमन कॅथलिकांचा नियम बराच सौम्य आहे. पोप सहावे पॉल यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये तो बदलला. सक्तीचे उपवास वर्षात दोनच उरले, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं आणि बाकी दोन वेळा थोडंसं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण त्याऐवजी दुसरं काही व्रत ठरवण्याची मुभा देशोदेशीच्या बिशपांना आहे. १९८३ च्या धर्मनियमांनुसार उपवासाची सक्ती १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत असते आणि मांस सोडण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट असते.

मांस वर्ज्य असलं तरी मासे चालतात, हे मात्र किनारपट्टीवरच्या माणसाला सांगताना जरा अडखळायला होतं. शुक्रवारी मटण सोडून तळलेल्या पापलेटावर ताव मारणारा नियम मोडत नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही एकाच धर्माच्या मालकीची नाही.

उपवास केला की मागितलेलं मिळतं का?

महाराष्ट्रात अनेक चर्चमध्ये ‘उपवास प्रार्थना’ असते. मंडळी जमतात, काही न खाता तासन्‌तास प्रार्थना करतात. कुणाचा मुलगा दवाखान्यात असतो, कुणाची नोकरी गेलेली असते. तिथे बसलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच, की नुसत्या प्रार्थनेपेक्षा उपाशी राहून केलेली प्रार्थना देव जास्त ऐकतो का?

आपल्याकडे पूर्वी धरणं धरण्याची चाल होती. सावकार कर्जदाराच्या दारात उपाशी बसायचा. दाराशी माणूस उपाशी असताना आपण जेवणं पाप, म्हणून घरातला कर्जदारही अडकायचा आणि शेवटी कबूल व्हायचा. उपवास म्हणजे देवाच्या दारात असंच बसणं, असं समजणारे ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत.

बायबलमध्ये या समजुतीला धक्का देणारी एक कथा आहे, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात. दावीद राजाने मोठा अपराध केला आहे. दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं. तिच्यापासून झालेलं मूल आजारी पडतं. राजा जमिनीवर पडून राहतो, काही खात नाही, मुलाच्या जिवासाठी देवाला विनवतो. घरातली जुनी माणसं उठवायला येतात, तो उठत नाही. सातव्या दिवशी मूल दगावतं. नोकरांना ते सांगायची भीती वाटते. आधीच हा असा, आता जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. त्यांच्या कुजबुजीवरून दावीद ओळखतो. उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, देवाच्या घरात जाऊन नमन करतो आणि घरी येऊन जेवायला मागतो. नोकर चक्रावतात. दावीद त्यांना सांगतो त्याचा अर्थ असा : मूल जिवंत होतं तोवर देव दया करील अशी आशा होती. आता उपाशी राहून मी त्याला परत आणू शकत नाही, मीच एक दिवस त्याच्याकडे जाईन.

सात दिवसांचा उपवास, आणि मागितलेलं मिळालं नाही. तरी कथेत कुठेही असं म्हटलेलं नाही की त्याचा उपवास कमी पडला किंवा त्याची श्रद्धा कच्ची होती. एवढंच नाही, उपवास सोडून तो आधी देवळात गेला. माझ्या मते ख्रिस्ती उपवास समजून घ्यायचा तर चाळीस दिवसांच्या आकड्यापेक्षा हे सात दिवस जास्त उपयोगी आहेत. ज्यांचं माणूस उपवास प्रार्थना करूनही वाचलं नाही, त्यांना ‘तुम्ही पुरेसा उपवास केला नाहीत’ असं कुणी सांगत असेल, तर ते या कथेच्या विरुद्ध सांगतात.

याच संदर्भात एक जुनी भानगड सांगण्याजोगी आहे. मार्कच्या शुभवर्तमानात शिष्यांना एक भूत काढता येत नाही आणि येशू म्हणतो की ही जात प्रार्थनेनेच निघते. पुष्कळ हस्तलिखितांत तिथे ‘प्रार्थनेने आणि उपवासाने’ असं आहे. उपवासाने ताकद वाढते असं सांगणाऱ्यांचा हा आवडता आधार. पण सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या प्रतींच्या मूळ मजकुरात ‘आणि उपवासाने’ हे शब्द नाहीत. मत्तयातलं त्याच अर्थाचं वचन त्या प्रतींत मुळातच नाही. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्याच्या कथेत आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रातही ‘उपवास’ हा शब्द असाच मागाहून आल्याचं अभ्यासक मानतात. म्हणून आजच्या बऱ्याच भाषांतरांत हे शब्द तळटीपेत गेले आहेत. कुणी लबाडी केली असं मानायचं कारण नाही. नक्कल करणाऱ्या मठवासीयांच्या आयुष्यात प्रार्थना आणि उपवास इतके एकजीव होते की एक शब्द लिहिला की दुसरा हातातून आपोआप उतरत असावा.

मग उपवास करतो तरी काय?

प्रार्थनेच्या बाजूने पाहिलं तर उत्तर सोपं आहे. प्रार्थना करताना मन भटकतं, हे प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शब्द तोंडात राहतात आणि डोक्यात वीजबिल येतं. पण भूक विसरता येत नाही. दुपारी दोन वाजता पोटात कावळे ओरडतात तेव्हा आज आपण का जेवलो नाही ते आठवतं, आणि त्या आठवणीबरोबर प्रार्थनाही. मन जे धरून ठेवू शकत नाही ते शरीर धरून ठेवतं.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. उपाशी माणूस चिडका होतो. तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या संन्याशांनी हे बारकाईने पाहिलं होतं. त्यांच्यातल्या इव्हाग्रियस या लेखकाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, तिच्यात पहिला नंबर खादाडपणाचा. अन्न वाईट म्हणून नव्हे. पोट भरलेलं असताना आपला राग, आपला गर्व झाकलेला असतो, तो भुकेत वर येतो. येशूला रानात आलेला पहिला मोहही तसाच होता, भूक लागलीच आहे तर धोंड्यांच्या भाकरी कर. खाणं हा तिथे गुन्हा नव्हता. हाती असलेली शक्ती आधी स्वतःच्या पोटासाठी वापरायची का, हा प्रश्न होता.

या संन्याशांची एक गोष्ट योहान कॅसियनने नोंदवून ठेवली आहे. तो आणि त्याचा सोबती इजिप्तमध्ये एका वृद्ध संन्याशाकडे गेले. म्हाताऱ्याने उपवासाचा दिवस असूनही त्यांना जेवू घातलं आणि स्वतःही जेवायला बसला. त्यांनी विचारलं, हे कसं? त्याने सांगितलं त्याचा मतलब असा की उपवास कायम माझ्याजवळच आहे, तुम्ही मात्र निघून जाल. उपवास माझ्या इच्छेवर आहे, पाहुण्याचं आदरातिथ्य ही आज्ञा आहे.

मोठा निर्णय घेण्याआधी उपवास करण्याची रीतही पहिल्या मंडळीपासूनची. अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबा यांना प्रवासाला पाठवलं ते उपास आणि प्रार्थना करून, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे.

वाचलेले पैसे कुठे गेले?

इथे ख्रिस्ती उपवासाची खरी कसोटी येते. यशयाच्या ५८ व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास केला तरी तू पाहिलं नाहीस. उत्तर येतं ते झोंबणारं आहे. उपवासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवता, भांडता, ठोसे मारता. मला हवा तो उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं, उपाशी माणसाला आपल्या ताटातलं देणं, बेघराला घरात घेणं.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी हे अगदी हिशेबी पद्धतीने घेतलं. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या पुस्तकात कृतीच दिली आहे : उपवासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घे, त्या दिवशी एरवी जे खाल्लं असतंस त्याची किंमत काढ, आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला दे. त्याच शतकातला अथेन्सचा अरिस्टायडीझ बादशहाला उद्देशून लिहिताना सांगतो की या लोकांत कुणी गरीब असेल आणि द्यायला जास्तीचं काही नसेल, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याला अन्न पुरवतात. म्हणजे आधी उपवास आणि मग उरलेल्याचं दान असं नाही. दान द्यायचं म्हणून उपवास.

इसवी सन ३८७ मध्ये अंत्युखियात कर वाढले म्हणून दंगल झाली, बादशहाचे पुतळे पाडले गेले, आणि शिक्षा काय होईल या भीतीने शहर गोठलं. उपवासकाळ चालू होता. तिथे योहान ख्रिसोस्तोम यांनी दिलेली प्रवचनं प्रसिद्ध आहेत. त्यांनी विचारलं, कोंबडी-मासे सोडून काय उपयोग, जर आपल्या भावालाच चावत असू? उपवास डोळ्यांनी, कानांनी, हातांनी आणि जिभेनेही करावा.

हा धागा आज थोडा वेगळ्या रूपात दिसतो. जर्मनीतल्या कॅथलिकांनी १९५९ साली उपवासकाळात जगातल्या भुकेल्यांसाठी निधी गोळा करायला सुरुवात केली, त्यातून ‘मिझेरिओर’ ही संस्था उभी राहिली. भारतात ‘कारितास इंडिया’ उपवासकाळात अशीच मोहीम चालवते.

लोण्याचा मनोरा आणि झुरिकचे सॉसेज

मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसच नव्हे, तर अंडी, दूध, लोणीही बंद असे. ऑलिव्हचं तेल दक्षिणेत मुबलक होतं. उत्तरेतल्या थंड मुलखात लोण्याशिवाय स्वयंपाक कसा करायचा? चर्चने परवानगी द्यायला सुरुवात केली, पैसे घेऊन. फ्रान्समधल्या रूआँ कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात, कारण त्याच्या बांधकामाला हा पैसा लागला असं सांगतात. गरिबाला देण्यासाठी सुरू झालेला उपवास इथवर आला होता.

१५२२ च्या उपवासकाळात झुरिकमधल्या फ्रोशाउअर या छापखानदाराच्या घरी कामगारांनी सॉसेज खाल्ले. ते पौलाच्या पत्रांची आवृत्ती वेळेत छापून काढायला राबत होते. उल्रिख झ्विंग्ली हे धर्मगुरू तिथे हजर होते. त्यांनी खाल्लं नाही, पण पुढच्या प्रवचनात खाणाऱ्यांची बाजू घेतली : उपवास करायचा असेल तर करा, पण पवित्र शास्त्रात नाही ती सक्ती कुणावर लादू नका. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची सुरुवात या सॉसेजपासून धरतात.

त्यावरून प्रॉटेस्टंटांनी उपवास सोडून दिला असा समज होतो, तो बरोबर नाही. ल्यूथर उपवासाला चांगली बाह्य तयारी म्हणत, कॅल्विन संकटकाळी सामूहिक उपवासाचा पुरस्कार करत. अठराव्या शतकात जॉन वेस्ली आणि त्यांचा ऑक्सफर्डमधला गट बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करत असे, म्हणजे थेट डिडाखेच्या वारांवर.

अती झालं तर

सिएनाची कॅथरीन (१३४७–१३८०) ही कॅथलिक चर्चची मोठी संत. तरुणपणापासून तिने खाणं इतकं कमी केलं की पुढे तिला अन्न टिकेनासं झालं. तिला खाण्याचा आदेश दिला गेला. तिने एका पत्रात लिहिलं की मी रोज प्रयत्न करते, इतरांसारखं खाता यावं अशी देवाकडे मागणी करते. ती तेहतिसाव्या वर्षी वारली. १९८५ मध्ये इतिहासकार रूडॉल्फ बेल यांनी तिच्यासारख्या स्त्रियांच्या उपवासाची तुलना आजच्या अ‍ॅनोरेक्सिया या खाण्याच्या विकाराशी केली. १९८७ मध्ये कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी वेगळी मांडणी केली : त्या काळातल्या बाईच्या हातात पैसा नव्हता, जमीन नव्हती, अन्न मात्र होतं. त्यामुळे तेच ती सोडू शकत होती आणि तेच गरिबांना वाटू शकत होती. दोघांच्या वादात पडायची गरज नाही. पण खुद्द कॅथरीनने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की शरीराला दिलेला त्रास हे साधन आहे, त्यालाच ध्येय केलं की माणूस चुकतो. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या किंवा खाण्याच्या विकारातून गेलेल्या माणसाने डॉक्टरांशी आणि आपल्या धर्मगुरूंशी न बोलता उपवास धरू नये, हे आजचे धर्मगुरूही सांगतात.

जिथे उपवास अजून कडक आहे

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामान्य भाविकही वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस उपवास करतात. ईस्टरआधीचा मोठा उपवास ५५ दिवसांचा. मांस, दूध, अंडी काही नाही. इंजेराच्या आंबट घावनाबरोबर डाळी आणि भाज्या, आणि त्यासाठी तेल कारळ्याचं. हो, आपल्या चटणीतल्या कारळ्याचंच, त्या पिकाचं मूळ घर तेच. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांत मोठ्या उपवासाच्या तीन आठवडे आधी तीन दिवसांचा निनवेचा उपवास असतो. योनाच्या कथेत निनवेच्या राजाने माणसांबरोबर गुराढोरांनाही उपाशी ठेवलं होतं, त्याची ही आठवण.

आणि मग हे सगळं एका रात्रीत संपतं. ईस्टरच्या मध्यरात्रीनंतर पूर्व युरोपातले ऑर्थोडॉक्स लोक चीज, मांस आणि रंगवलेली अंडी टोपलीत घालून चर्चमध्ये आणतात, त्यावर आशीर्वाद घेतात आणि उपवास सोडतात. ईस्टरला अंडीच का, याचं एक कारण अगदी घरगुती आहे. चाळीस दिवस माणसं अंडी खात नव्हती, पण कोंबड्यांनी काही उपवास धरलेला नसे.